बाई नेमक्या कुणाच्या?

प्रिय आई,

मी तुझा मुलगा होते तेव्हा तू माझी खोली झाडायला न सांगता यायचीस. मुलगी झाल्यापासून एकदाही फिरकली नाहीस. आता मीच झाडते, म्हणजे काय दिवे लावत असेन ते तू ओळखलंच असशील. असो, भांडायला बसलेली नाही. गंमत सांगायची आहे.

आमच्या शिवणाच्या दुकानातल्या मास्तरीणबाई गेल्या, हे धाकटीने तुला सांगितलंच असेल. त्याही माझ्यासारख्याच, मुलगा म्हणून जन्मलेल्या. सुईत दोरा ओवण्यापासून रस्त्यातून मान वर करून चालण्यापर्यंत सगळं मला त्यांनी शिकवलं. आमच्यातली जी माणसं गेली, त्यांच्या आठवणीची सभा आम्ही दरवर्षी घेतो. यंदा देवळातले गुरुजी, मशिदीतले मौलवी आणि चर्चमधले फादर अशा तिघांना बोलावलं, कारण तिघांचेही कपडे बाईच शिवायच्या. तिथेच आम्ही फसलो. तिघेही आपापली प्रार्थना घेऊन आले आणि तिघेही म्हणाले, बाई तर आमच्याच!

माइक एक आणि हक्कदार तीन. मौलवी म्हणाले, माप देताना त्या माझ्याशी देवाबद्दल बोलायच्या. फादर म्हणाले, माझ्याशीही. गुरुजी नुसतेच लाल झाले. मग उलगडा झाला. अंगावर टाचण्या लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे हेरून बाई प्रत्येकाला एकच विचारायच्या, माझ्यासारखीला तुमच्या देवाकडे जागा आहे का? आणि तिघांनीही उत्तर दिलं होतं, बघून सांगतो. पुढच्या कपड्याच्या वेळी पुन्हा तेच. अख्खी सभा पोट धरून हसली. फादर हसता हसता डोळे पुसू लागले. आहे जागा, एवढं म्हणायला आपलं काय जात होतं, असं मौलवी पुटपुटले, आणि गुरुजींनी ओढाताण थांबवून माइक त्यांच्याकडे राहू दिला.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. बाईंची आई! बाई होत्या तोवर कधी आली नव्हती. तिने भीतभीत विचारलं, ती चहात अजून ढीगभर साखर घालायची का? झोपेत बडबडायची का? रागावली की भांडी आपटायची का? आम्ही सांगत सुटलो. मौलवींनी तर बाईंची नक्कलही केली. म्हातारी खदखदून हसली आणि मग खुर्चीत बसून लहान पोरासारखी रडली. म्हणाली, किती मजेची होती गं माझी लेक.

आई, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्या माउलीला आपली लेक परक्यांच्या तोंडून कळली, तीही उशिरा. मी धडधाकट आहे, तोंडाने वाचाळही आहे, सगळं स्वतः सांगेन. रविवारी ये. माझं तुला जे पटत नाही तेही ऐकव, हवं तर ओरड, पण मी समोर असताना ओरड.

तुझीच,
थोरली