रोलरच्या दांडीची चिंधी

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आईचे गुडघे तसेच. माझ्या हाताची पट्टी गेल्या आठवड्यात निघाली. पत्र डाव्या हातानं लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोन केला असता, पण तू मध्येच तोडतोस.

तुझा निरोप वहिनीनं पोचवला. ‘घरातली गोष्ट वकिलाच्या पायरीवर नेऊन हिनं अब्रू घालवली.’ मी आधी हसले आणि मग इतकी चिडले की आई आतून उठून आली. ज्या लॉन्ड्रीत माझा हात भाजला ती आपलं घर कधी झाली? तू तिथे सुपरवायझर आहेस, मालक नाहीस. मालक तर हॉस्पिटलात एकदाही फिरकला नाही. फळांची टोपली तेवढी पाठवली. सोलून खायची फळं, आणि इथे उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला.

वकील करायचा म्हणून आधी त्या मोठ्या ऑफिसात गेले होते, ज्यांची जाहिरात बसच्या पाठीवर असते. तिथल्या गृहस्थानं हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, “बोटं किती गेली?” म्हटलं, पाचही आहेत, दोन वळत नाहीत. “म्हणजे गेली नाहीत,” असं म्हणून त्यानं काहीतरी टाइप केलं. मी उठून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग आपल्याच रस्त्याच्या टोकाला, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर ज्या वकीलबाई बसतात, त्यांच्याकडे गेले. खोली एवढीशी. खुर्चीवर फायली आणि अशील उभं. त्यांनी फायली जमिनीवर ठेवल्या, मला बसवलं आणि म्हणाल्या, “हात टेबलावर ठेवा.” बराच वेळ बघत होत्या. उलटा करून, सुलटा करून. मग म्हणाल्या, “बाई, पाय घसरला की माणूस आधाराला धावतो. बोटं सरळ ठेवून मशीनमध्ये हात घालत नाही.”

पाय घसरला हे मीच त्यांना सांगितलं होतं. कारण माझ्या जबानीत तसंच लिहिलंय ना. ओल्या फरशीवर पाय घसरला, चूक माझी. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. कागद तू आणलास, शाईचं पॅडही तूच आणलंस. वकीलबाईंना मी सांगितलं की तेव्हा गुंगीत होते, काही आठवत नाही.

दादा, मी गुंगीत नव्हते. एकेक शब्द वाचला होता. तू कॉटपाशी मान खाली घालून उभा होतास, तुझ्या शर्टाची गुंडी तुटलेली होती. ते बघून मी अंगठा पुढे केला.

आजवर आपण दोघांनी हे तोंडानं उच्चारलं नाही, म्हणून आता लिहून टाकते. चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या तापलेल्या रोलरच्या पुढे आडवी दांडी आहे. हात पुढे गेला की तिला लागतो आणि मशीन थांबतं. पण जाड चादरीची दुमड लागली तरी थांबतं, मग तासाच्या ठरलेल्या चादरी होत नाहीत. म्हणून फाटक्या चादरीची चिंधी काढायची आणि दांडी वर बांधून टाकायची. ही युक्ती तुझी. त्या सकाळी गाठही तूच मारलीस. “आज हॉटेलचा माल आहे, हात चालव,” म्हणालास. मी चालवला.

तरीही मी गप्पच राहणार होते. काल वकीलबाई स्वतःच्या दोन चादरी धुवायला टाकायच्या निमित्तानं लॉन्ड्रीत गेल्या, मलाही नेलं. काउंटरमागच्या काचेतून मशीन दिसतं. दांडी वर बांधलेली होती, नव्याकोऱ्या चिंधीनं. आणि माझ्या जागेवर वहिनी उभी होती.

तिनं मला बघितलं आणि ओशाळून हसली. हसताना तिची नजर रोलरवरून हटली.

मी सरळ आत गेले. म्हटलं, “आधी ती गाठ सोड.” तर म्हणते, “यांनी बांधलीय, मी कशी सोडू? बाहेरची बाई ठेवली तर बोलेल म्हणून मालकांनी घरचंच माणूस मागितलं.”

तुला लाज नाही वाटली? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला आधी बहीण, आता बायको? मालकाला ‘नाही’ म्हणायला तुझी जीभ इतकी जड होते, आणि माझी अब्रू काढायला बरी चुरूचुरू चालते.

परत येताना वकीलबाईंना सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. त्या रस्त्यातच थांबल्या. म्हणाल्या, “खोट्या जबानीचं आपल्याला जड जाणार. पण उशिरा का होईना, बोललात.” कारखाना निरीक्षक शुक्रवारी न कळवता येणार आहेत. बांधलेली दांडी त्यांनी बघितली की अर्धी केस तिथेच झाली. कोणाजवळ बोलू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय.

आणि मी तुला हे लिहितेय. त्यांना कळलं तर माझी फाईल माझ्याच हातात देतील, आणि बरोबरच करतील.

पण शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत. ते तीन दिवस वहिनीचे हात त्या रोलरपुढे असणार. माझी केस मजबूत व्हावी म्हणून मी तिला तिथे उभी ठेवू शकत नाही. तू ठेवलीस. मला ते जमत नाही.

हे पत्र मी आता तुझ्या दाराच्या फटीतून सरकवणार आहे. वाचून झालं की जा आणि गाठ सोड. पुरावा जाईल, मला ठाऊक आहे. मग साक्षीला उरशील एकटा तू. शुक्रवारी निरीक्षक विचारतील, ही दांडी कधी बांधली जात होती का. मी समोरच उभी असेन. यावेळी मान खाली घालू नकोस, कारण ते बघून मी आता अंगठा पुढे करणार नाही.

तुझ्यासाठी आजवर खोटं बोललेली,
धाकटी