खालची ओळ

२ मार्च, सोमवार. सकाळी सात.
धार काढून झाली. आजपासून रोज लिहायचं. दूध संकलन केंद्रातलं एक जुनं फॅट रजिस्टर सेक्रेटरीनं दिलंय, मागची पानं कोरी आहेत. दुसरा संकल्प: यापुढे माणसांना चिडवायचं नाही.

केंद्रावर आज सगळे कुणी गेल्यासारखे उभे होते. बाहेरच्या देशांशी व्यापाराची बोलणी चालली आहेत आणि आपलं सरकार दूध पावडरीवरचं आयात शुल्क कापायला निघालंय. सतरा तारखेला संसदेत चर्चा, मग मतदान. आपलं दूध डेअरी पावडर करायलाच घेते. बाहेरची पावडर स्वस्तात उतरली की टँकर या रस्त्याला वळायचा नाही. एवढं सांगून सेक्रेटरी मटकन कॅनवर बसला. म्हटलं, ऊठ, कॅन चेपला तर तेवढंही राहायचं नाही. चिडवणं उद्यापासून बंद.

मला काळजी नाही. आपला खासदार माझ्या वर्गातला. चौथीपर्यंत त्याची गणितं मी सोडवली, नाकही मीच पुसलं. जग त्याला साहेब म्हणतं. मला तो शेंबड्याच.

५ मार्च, गुरुवार.
शेंबड्याला पत्र लिहिलं. रजिस्टरचंच पान, लाल रेघांचं. रडगाणी त्याला रोज शंभर येत असतील, म्हणून जरा ठसक्यात. सुरुवात अशी: आण बाबा बाहेरची पावडर. आमच्या गायींना पेन्शन देऊ. नवरा गेल्यापासून बारा वर्षं पहाटे चारला उठतेय, आता तुझ्या कृपेनं उन्हं येईपर्यंत लोळेन.
आणि खालची ओळ: लोळून उठल्यावर खायचं काय, ते मात्र तू येऊन सांग. गणित तुला तेव्हाही येत नव्हतं.

धाकट्या जावेला वाचून दाखवलं. म्हणाली, अक्का, मोठ्या माणसाला सरळ लिहावं. म्हटलं, सरळ लिहिलेलं वाचतं कोण? तिला विनोद कळत नाही. दिरानं तिच्यात काय पाहिलं कोण जाणे. पत्र टँकरवाल्याबरोबर धाडलं, त्याच्या वाटेवरच शेंबड्याचं ऑफिस आहे.

९ मार्च, सोमवार.
उत्तर नाही. अभ्यास करत असेल. त्याला वेळ लागतोच.
गुरांचा दलाल येऊन गेला. म्हणे, मावशी, मतदानाच्या आत गाय द्या, नंतर कुत्रं विचारणार नाही. म्हटलं, तुझं दुकान बंद करणारं भाषण होणार आहे, दुसरा धंदा बघून ठेव. भिंगरीनं त्याच्या तोंडावर शेपूट मारली. गाय माझ्या वळणावर गेली आहे. धाकटीनं मात्र त्याला बसवून चहा दिला. घरभेदी.

१२ मार्च, गुरुवार.
उत्तर आलं! छापील. 'आपल्या पत्रातील मुद्द्यांची साहेबांनी गांभीर्याने नोंद घेतली आहे.' सेक्रेटरी म्हणाला, काकू, असं सगळ्यांनाच येतं, मलाही रस्त्याबद्दल आलंय. विचारलं, तुझ्यात गांभीर्यानं आहे का? मेल्यानं कपाटातून काढून दाखवलं. आहे. पण त्याचा कागद पातळ आहे.
पत्र लॅमिनेट करून केंद्राच्या भिंतीवर लावायला सांगितलं. गाय विकायला निघालेल्या चौघी बायका होत्या, त्यांना थांबवलं. म्हटलं, मी आहे ना. किती वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं.

१४ मार्च, शनिवार.
धाकटीनं दोन्ही गायी दिल्या. गाडीत चढवताना मोठी मागे वळून हंबरत होती. धाकटी रिकाम्या गोठ्यात तोंडात पदर कोंबून रडली. मी कुंपणावरून म्हटलं, तीन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, अक्का, हात जोडते, तुमची भिंगरी पण द्या. चार जणींना अडवून ठेवलंत, त्यांचा तरी विचार करा. भित्री आहे. सतरा तारखेनंतर तिला महिनाभर चिडवायचं, हा अपवाद.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी दहा.
केंद्रात टीव्ही लावलाय. मी इस्त्रीचे कपडे घातलेत. खुर्ची पुढची.

दुपारी बारा.
विरोधी बाकावरचा एक जण बरं बोलला, पण ऐकणारे पेंगत होते. सेक्रेटरी सांगतो, सत्तेतल्यांना व्हिप निघालाय, पक्ष सांगेल तिकडेच मत. व्हिप म्हणजे चाबूक म्हणे. शेंबड्याला चाबूक कशाला? तो नुसत्या चुचकारण्यानं वळतो. मी चुचकारलंय की.

पावणेतीन.
उभा राहिला! पोट सुटलंय. खिशातून कागद काढला. लाल रेघा! माझं पान! सगळ्यांना गप्प केलं.

सव्वातीन.
त्यानं वाचलं. अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातली एक कष्टाळू विधवा भगिनी लिहिते, म्हणाला. बाहेरची पावडर आण इथपासून उन्हं येईपर्यंत लोळेन इथपर्यंत, खणखणीत. सभागृह हसलं. मग त्यानं घडी घातली आणि कागद खिशात ठेवला. म्हणाला, खेड्यातली बाई स्वतः या कपातीचं स्वागत करते आहे, मग विरोधकांच्या पोटात का दुखतंय? बाकं वाजली.
केंद्रात सगळे माझ्याकडे वळले. चौघींतली एक म्हणाली, काकू, तुम्ही असं लिहिलंत?

संध्याकाळी सहा.
कपात मंजूर. माझी खालची ओळ राहिली. घंटी वाजली असेल, बोलायला वेळ नेमूनच देतात. एवढं समजून घ्यायला हवं. मतानं पडलो, पण आवाज पोचला. पुरवणी पत्र टाकते.

१९ मार्च, गुरुवार.
पुरवणी पत्र लिहिलं. सरळ, एकही टोमणा नाही. टँकरवाल्यानं हातात घेतलं नाही. म्हणाला, मावशी, पहिल्यानं भागलं नाही का?

६ मे, बुधवार.
डेअरीनं लांबची केंद्रं बंद केली. आपलं लांबचं निघालं. काल टँकर शेवटचा. आज सवयीनं कॅन घेऊन गेले. दाराला कुलूप. काचेतून माझं लॅमिनेट केलेलं पत्र तेवढं दिसत होतं. दूध परत आणलं. किती पिणार? उरलेलं नालीत गेलं.

११ मे, सोमवार.
दलाल आला. आपणहून नाही, मी बोलावलं. तो म्हणाला, मावशी, भाषण छान झालं हो. देईल त्यात भिंगरी दिली. चौघींच्याही गेल्या, तशाच, कवडीमोलानं. त्या आता मी दिसले की रस्ता बदलतात. एकीनं तरी शिव्या द्याव्यात.

३ जून, बुधवार.
टपालानं पाकीट आलं. शेंबड्यानं संसदेच्या कामकाजाची छापील प्रत पाठवली आहे. सोबत चिठ्ठी, त्याच्या हातची. अजून ओळी वर चढतात. लिहितो: तुझं पत्र सभागृहाला फार आवडलं. खालची ओळ वाचून मात्र मी एकटाच हसलो.
म्हणजे घंटी वाजली नव्हती.
प्रत उघडली. माझं वाक्य आहे, शब्दाला शब्द. त्याच्यापुढे कंसात एकच शब्द: हशा.

४ जून, गुरुवार. पहाटे चार.
जाग आली. उन्हं यायला अजून वेळ. पडून पाहिलं, लोळता येत नाही. उठून गोठ्यापर्यंत गेले आणि परत आले.
काल धाकटीनं पावडरीचा पुडा आणून दिला, बाहेरच्या कंपनीचा. तिला काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून तोंड उघडलं. काही सुचलं नाही.
त्या पुड्याचा चहा केला. वाईट लागेल म्हणून मुद्दाम कपभरच केला.
चांगला झाला.