आवाज माझाही आहे

१२ नोव्हें.
कॉलेजच्या अंकासाठी गोष्ट पुरी. भविष्यातलं शहर, भोंग्यातून हुकूम येतो, सगळे 'हो' म्हणतात. माझी नायिका, वय सतरा, पहिल्याच पानावर 'नाही' म्हणते. मॅडम म्हणाल्या, तो 'हो'चा घोष खरा वाटत नाही. उद्या देवळात गाऱ्हाणं आहे, एकाने देवाला मागणं घालायचं आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते फोनवर रेकॉर्ड करीन.

१३ नोव्हें.
शी! गाऱ्हाणं नेहमीसारखं बाबांनीच घातलं. पाऊसपाणी, पोरंबाळं, चाकरमानी, सगळं झालं. मग त्याच सुरात, "जो कोण गावाच्या आड येता, तेच्या घरचा पाणी कोण पिवचा नाय, तेच्याकडसून कोण काय घेवचा नाय, तेका वठणीर हाड रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
मीसुद्धा. तोंडातून गेलंच, लहानपणापासूनची सवय मेली. नाव घेतलं नाही, पण माना सगळ्या वाडीतल्या सुलभाकाकीकडे. खाडीतली वाळू उपसणाऱ्याविरुद्ध तिने अर्ज दिलाय. तिची तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची जागा त्याने खरवडून नेली. देवळाचा नवा सभामंडपही त्यानेच बांधून दिलाय.

१६ नोव्हें.
काकी तिसऱ्यांची पाटी घेऊन बाजारात बसली. कोणी भाव विचारला नाही. दुपारी वास सुटला, तेव्हा बायका नाकाला पदर लावून, "काय गो ही घाण!" त्यांच्यात आई. मी पलीकडच्या बाजूने गेले, काकीने पाहिलं. मला माझीच किळस येते.

२० नोव्हें.
काकीने बहिष्काराची तक्रार केली म्हणून पोलीस आले. बाबा एकदम शुद्ध मराठीत. "छे हो साहेब, बहिष्कार कसला? आम्ही सगळे एका घरासारखे." साहेब चहा पिऊन गेले. काकीकडे पुरावा नाही.
माझ्याकडे आहे. माडाखाली बसून गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. बाबांचा शब्दन् शब्द. आणि फोन माझ्याच हातात होता म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझा.

२१ नोव्हें.
आईला सांगितलं. "पुसून टाक ता! बापाशीक आत घालतलंस?" मग हळूच, "माकाय बरा नाय वाटला गो. पण आपल्याक गावात ऱ्हवचा आसा."
गोष्ट मॅडमकडून परत मागितली. नायिकेचा बाप मी गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मारून टाकलाय. सोय बघितली नुसती. थू!

२३ नोव्हें., शनिवार
काकीकडे गेले. तिने पाणी पुढे केलं नाही, मीच मागितलं. तांब्याभर प्यायले. म्हटलं, रेकॉर्डिंग पाठवते, माझं नाव तेवढं सांगू नको.
भडकली. "मगे कोणी दिल्यान म्हणान सांगू? देवान? चोरून दिलेला माका नको. येतलंस तर माझ्या वांगडा ये, उद्या साडेनवाच्या एसटीन, पोलीस ठाण्यार. आणि तेच्यात तुझो बापूस आसा, ता ध्यानात धरून ये."
आमच्या बाबांनी तिला बुडवलं आणि तीच मला सावध करते! लाज वाटली.
जेवताना बाबा, "उद्या खंय जातलंस?" काकीकडून आल्यावर आईला उद्याचं बोलले होते, तिने सांगितलंच असणार.
"कॉलेजात."
"आयतवारी?"
एवढंच. ताटात भात तसाच ठेवून उठले. ओसरीवर, पुढच्या दारातच जाऊन बसलेत. मागचं दार आहे. पण त्या दाराने जायचं असेल तर न गेलेलंच बरं. साडेनवाच्या एसटीला त्यांच्यासमोरूनच जाईन.