टोपण बसलं ते बसलंच

वाजिमा, ९ नोव्हेंबर १९९८

चि. किनुयो हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राला तीन-तीन महिने उत्तर न देणारा बाप आज आपणहून लिहितोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. ओसाकाच्या ओमुरासानांचं पेन मी बंद केलं. कायमचं. चाळीस वर्षं लाखकाम केलेल्या माणसानं कडेची लाख ओली असताना टोपण फिरवून बसवलं! फुटके कप आपण ज्या लाखेनं सांधतो, तिनं आपलं काम चोख केलंय. शेजारच्या चियोबाई म्हणाल्या, राहू द्या, पाठ खाजवायला बरं आहे.

लाख वाळवायच्या दमट पेटीतून काढल्यावर मी नेहमीसारखा त्यावर श्वास सोडला होता. वाफ धरलेली स्पष्ट दिसली. वाफ धरली म्हणजे लाख वाळली, एवढं तर मला कळतं. म्हणजे कळतं असं वाटत होतं.

आठ वर्षांपूर्वी प्रदर्शनात ठेवलेल्या पेनवर होती तशीच रानहंसांची रांग ओमुरासानांना हवी आहे. तू संग्रहालयात जुनं लाखकाम दुरुस्त करतेस. उपाय असला तर कळव, आणि हसून झाल्यावर कळव.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा बाबा

कानाझावा, १३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

हसून झालं. उपाय नाही. आपली लाख झाडाच्या चिकाची, एकदा वाळली की कशानंच सुटत नाही, हे तुम्हीच मला पट्टी आपटून शिकवलंत. करवत लावा.

पण बाबा, श्वासाची वाफ दोन क्षणांत उडते. तुमची उडाली का? उन्हाळ्यात तुम्ही माझ्या वाटीत सोयासॉस समजून व्हिनेगर ओतलंत, आणि स्टेशनवर भलत्याच बाईला हात केलात. वाफ पेनवर नव्हती, तुमच्या डोळ्यांत आहे. आधी डॉक्टरकडे जा.

आता त्या जुन्या पेनबद्दल. ते हंस कोणी काढले ते ओमुरासानांना ठाऊक नाही, तुम्हाला आहे. शिकणाऱ्याचं काम गुरूच्या नावानं जातं, ही रीत मला मान्य होती. पण प्रदर्शनात लोक त्या हंसांची तारीफ करत होते, तुम्ही वाकून वाकून ती घेत होतात, आणि मी मागे चहाचा ट्रे धरून उभी होते. घरी आल्यावरही तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी त्यासाठी घर सोडून गेले, तुम्ही गावभर सांगता तशी शहराच्या हौसेनं नाही.

प्रकृतीला जपा.
किनुयो

वाजिमा, २५ नोव्हेंबर

चि. किनुयो,
आशीर्वाद.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. इतका पिकेपर्यंत काय करत होतात, असं डॉक्टरनं विचारलं. म्हटलं, हंस काढत होतो. घरी येऊन भिंग लावून पाहिले तर एकाला मान नाही, दोघे एकमेकांच्या पाठीवर. रानहंस कसले, खुराड्यातल्या कोंबड्या! करवत लावली तेव्हा वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी तुझं नाव सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, तुमचा हात वयाबरोबर तरुण होतोय. मला ते इतकं गोड लागलं की मी गप्प बसलो. आणि मग आठ वर्षं गप्पच बसलो. ती चोरी होती, किनुयो. मला माफ कर.

ओमुरासानांना सगळं खरं लिहिलं. त्यांचं उत्तर आलंय: मुलीला विचारा, काढेल का, मी थांबतो. म्हणून विचारतोय. नव्या पेनवर लाखेचे थर मी बोटांनी चाचपून दिलेत. हंस तू काढ, खाली नाव एकटीचं घाल. नाही म्हणालीस तर त्यांना तसं कळवीन, आणि कारण खरं तेच लिहीन.

ऑपरेशन तीन डिसेंबरला आहे. दया नको, पण आलीस तर मुळ्याचं लोणचं घातलंय.

तुझा बाबा

कानाझावा, २८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न.

दोन तारखेच्या सकाळच्या बसनं येते. ऑपरेशन होईपर्यंत त्या पेनला हात लावू नका, त्यावर श्वासही सोडू नका.

नाव माझं एकटीचंच घालीन. आडनाव मात्र तुमचंच लागतं, त्याला माझा नाइलाज आहे.

तुमची
किनुयो