सही करण्याआधी

प्रिय आर्या,

इंदूरहून देवासला मावशीकडे हे पाकीट पोचलं की तू आधी उलटं करून नाव वाचशील आणि न उघडताच कपाटावर फेकशील. फेकू नको यार. यात 'ते' काही नाही. म्हणजे ते आहेच, ते कुठे जाणार, पण आज ते लिहायला बसलो नाही. कामाचं आहे. पलक सांगत होती, ताईने फोन बंद करून ठेवला आहे आणि मोबाइलवर आता कोणाला एक अक्षर लिहिणार नाही म्हणते. बरोबरच आहे तुझं. म्हणून कागद. माझं अक्षर तुला माहीत आहे, लागणार नाही तिथे अंदाजाने वाच.

काय झालं ते आधी नीट सांगतो, कारण घरून तुला तुकड्या-तुकड्यांतच कळलं असणार. तुझी घटस्फोटाची केस ज्या ऑफिसकडे आहे, त्यांचे कंप्यूटर कोणीतरी बाहेरून फोडले. खंडणी मागितली, यांनी दिली नाही, तर चोरांनी सगळ्या क्लायंटच्या फाइली टेलिग्रामवर उघड्या टाकून दिल्या. कोणाचं मृत्युपत्र, कोणाचा जमिनीचा वाद, आणि त्यातच तुझा अर्ज, तुझं शपथपत्र, दवाखान्याचे रिपोर्ट. ऑफिसने तुझ्या बाबांना एक इंग्रजी मेल टाकला होता म्हणे, 'आमच्याकडे एक घटना घडली आहे' असा गुळमुळीत. रघुवीरकाकांना वाटलं, बँकेच्या नावाने येतात तसलाच काही फ्रॉड आहे, त्यांनी उडवून टाकला. सावध माणूस आहे, दोष कसा देणार? पण मग जे ऑफिसकडून कळायला पाहिजे होतं, ते काकांना समाजाच्या ग्रुपवरून कळलं.

मी वाचलं नाही. शपथ खात नाही, माझ्या शपथा तू कधीच धरत नाहीस. पहिलं पान आपोआप उघडतं, त्यावर तुझं नाव होतं, लग्नानंतरचं, आणि मी बंद केलं. बस.

त्यानंतर जे केलं ते तुला न सांगताही कळेल. सरळ विजयनगरला त्यांच्या ऑफिसात. तिथे काउंटरवर कोण, तर देवांश, लॉ कॉलेजातला आमच्याच बॅचचा, आता तिथे ज्युनियर आहे, पांढरी कॉलर वगैरे. मी ओरडलो की कंझ्यूमर कोर्टात खेचीन एकेकाला. तो हसला. "भिया, आवाज कम. वकिलांवर कंझ्यूमर कोर्टात केस होत नाही, सुप्रीम कोर्टाने सांगून झालं. थर्ड इयरचा पेपर सोडून उठला नसतास तर तुलाही माहीत असतं." मग हळूच म्हणाला, "और तू लगता कौन है उसका?" गार्डने मला जिन्यापर्यंत सोडलं. रस्त्यावर येऊन मी स्कूटीला लाथ मारली. स्कूटी जेल रोडच्या आमच्या मोबाइल दुकानातल्या ऋषभची होती, आता तिचा इंडिकेटर मलाच बसवावा लागणार.

पण प्रश्न बरोबर होता ना त्याचा. मी कोण? हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी वसुधा मॅडमनेही विचारला, फक्त प्रेमाने. आठवतात ना, ज्या आम्हाला करार शिकवायच्या? स्नेहलतागंजातच राहतात, तुमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत. मी तुझ्या नावाने पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करूनच नेली होती. त्यांनी वाचली, शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि फाडून टाकली. म्हणाल्या, "हृषीकेश, ही मुलगी सज्ञान आहे. तिच्या वतीने तू भांडायचं नाही. तिला रस्ते कुठे आहेत ते सांग, चालायचं ते ती चालेल." मग चहा ठेवला आणि तासभर समजावलं. मी कॉलेजात इतकं लक्ष दिलं असतं तर आज दुसऱ्यांचे मोबाइल उघडत बसलो नसतो, हेही सांगितलं. त्यांना सांगू दे.

तर रस्ते असे. बार कौन्सिलकडे जबलपूरला तक्रार करता येते, की वकिलाने अशिलाचं गुपित सांभाळलं नाही. त्यात तुला हातात काही मिळणार नाही, पण त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि वकील लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. नुकसानभरपाई हवी असेल तर ती वाट भोपाळची. आयटी कायद्याखाली सरकारचा तिथला सचिव हे ऐकतो, आणि तुझ्या फाइलमध्ये दवाखान्याचे कागद होते, म्हणून तिथे तुझी बाजू भक्कम. पण सिद्ध करावं लागेल की ऑफिसने काळजी घेतली नव्हती. देवांशच चहाच्या टपरीवर बडबडून गेला आहे की सगळ्या स्टाफचा एकच पासवर्ड होता, तोही मोठ्या साहेबांच्या मुलीचं नाव. नवा डेटाचा कायदा आला आहे, पण आपल्या कामाची कलमं अजून लागू व्हायची आहेत, आणि झाली तरी दंड सरकारजमा होतो, तुला नाही. सायबर पोलिसांत रिपोर्ट मात्र आधी करायचा, बाकी काही करो न करो, कारण उद्या त्या कागदांवरून कोणी तुझ्या नावाने काही उद्योग केला तर तारीख तुझ्या बाजूने असेल. आणि जिथे-जिथे ती फाइल आहे तिथून काढायला लावायचा आदेश कोर्टाकडून मागता येतो. मॅडम म्हणाल्या, सगळं मिटेल असं समजू नको म्हणावं तिला, पण सहज सापडणं बंद होईल.

एक आणखी. घटस्फोटाची केस बंद खोलीत चालते, तिचे कागद छापणं, वाटणं कायद्याने मनाच आहे. मॅडमच्या मते ग्रुपवर टाकणं हेही त्यातच आलं. म्हणजे जबाबदार फक्त ऑफिस नाही, ज्याने फाइल पुढे टाकली तोही. हे लक्षात ठेव, याच्याकडे परत येतो.

मध्येच एक आठवलं, लिहू दे. लालबागच्या मेळ्यात तू मेंदी काढायला बसली होतीस. बाईने विचारलं, कोणाचं नाव टाकू, आणि मी मागून हळूच म्हटलं, 'ह' टाका. तू ऐकलंस. अर्धी मेंदी ओली असताना उठलीस, नळाखाली हात धरलास आणि सगळी धुऊन टाकलीस. म्हणालीस, "माझ्या हातावर काय लिहायचं ते मी सांगेन." मी दोन दिवस फुगून होतो. खरं सांगू, मी तेव्हाच गेलो कामातून.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसचा माणूस काकांकडे एक कागद घेऊन आला होता. तुझी केस शेवटपर्यंत फुकट लढू, आणि बदल्यात तू लिहून द्यायचं की या प्रकरणी तुझी ऑफिसविरुद्ध 'किंवा इतर कोणाही व्यक्तीविरुद्ध' आज किंवा पुढे काही तक्रार नाही. काकांना हे पटलं आहे. त्यांना पलकचं जमवायचं आहे, लोक विसरावेत असं वाटतं, बाप आहे. रविवारी ते सहीसाठी देवासला येणार आहेत. आणि एकटे नाही, बरोबर माझे बाबा. समाजाचे वडीलधारे म्हणून. जयसिंगराव बोलले की पोरगी ऐकेल, असं काकाच म्हणाले.

माझ्या बाबांना तू लहानपणापासून ओळखतेस. आपल्याकडे स्थळ आलं की आधी चौकशी, आणि इंदूर, उज्जैन, देवास कुठलंही घर असो, चौकशी म्हटलं की फोन आमच्याकडे. मुलगा पितो का, सासू कशी, नोकरी खरी की सांगायची, बाबा सगळं शोधून काढतात आणि एक पैसा घेत नाहीत. याचा त्यांना फार अभिमान. तुझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी त्या घराला 'उत्तम' म्हटलं होतं, ते त्यांना आतून खातं, बोलत नाहीत पण मला माहीत आहे. आता तुझा निकालही लागला नाही आणि त्या लोकांनी मुलासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली. ग्वाल्हेरच्या एका बापाने ग्रुपवर विचारलं, हे घर कसं आहे. त्याच्या खाली सकाळी-सकाळी उत्तर आलं: 'सर्व वधूपित्यांनी सावध राहावे, पुरावा सोबत जोडला आहे.' आणि पुरावा म्हणजे तुझी फाइल. पुरी. दुपारपर्यंत मेसेज मिटवला गेला, पण तोपर्यंत ज्याला जिथे पाठवायची तिथे गेली. कोणी टाकली ते आता कोणी बोलत नाही, आणि काकांनी उघडलं तेव्हा त्यांना पुढे आलेलीच कॉपी दिसली. त्यांना खरंच माहीत नाही.

माझ्याकडे मिटवण्याआधीचा फोटो आहे, नावासकट. आर्या, ते बाबांनी टाकलं होतं. मी त्यांना विचारलं तेव्हा जेवत होते, घास खाली न ठेवता म्हणाले, "त्या पोराच्या तावडीत अजून एक पोरगी जाऊ द्यायची होती का? आर्याच्याही भल्याचंच झालं, कळलं लोकांना की दोष तिचा नव्हता." मी म्हटलं, तिला विचारलं होतं? म्हणाले, "अशा गोष्टी पोरींना विचारतात का." ते वाईट माणूस नाहीत, म्हणूनच मला त्यांच्याशी भांडताही येईना. पण रविवारी ते तुझ्यासमोर वडीलधारे म्हणून बसतील, डोक्यावर हात ठेवतील, आणि ज्या कागदावर तुझी सही मागतील त्यात 'इतर कोणाही व्यक्ती'मध्ये ते स्वतः असतील. हे तुला माहीत नसताना तू सही करावीस हे मला चालणार नाही, एवढ्यासाठी हे पत्र. माहीत असून केलीस तर मी एक शब्द बोलणार नाही, आणि फोटो पुसून टाकीन. नाही केलीस, तर मॅडमकडे जाऊन मी माझा जबाब लिहून देईन, बाबांचं नाव घेऊन, त्यांच्याच घरात राहून. त्यांना मी हे सांगितलं आहे. बदल्यात मला तुझ्याकडून काही नको, देवासला येणारही नाही. फक्त पलककडे निरोप दे, नाव घेऊ की नको.

तुझाच, विचारून थांबलेला,
हृषीकेश