न तासलेली गाडी

लिटल हेरन, मिनेसोटा
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, दुपार

प्रिय आर्डिसमावशी,

तुला माझा, करीनचा आणि सिग्नेचा मनापासून नमस्कार. (सिग्ने आपला नमस्कार आत्ता सोफ्यावर पालथी पडून खिडकीतून पाठवते आहे. तुझं गाव त्या बाजूला आहे असं तिचं म्हणणं. बाजू साफ चुकली आहे, पण नमस्कार पोचेल.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? हल्ली तो बर्फ पडायच्या आधी सांगतो की पडून गेल्यावर? आधी सांगत असेल तर मला फोन करत जा. रेडिओवरच्या बाईपेक्षा माझा तुझ्या गुडघ्यावर जास्त भरवसा आहे, आणि रस्त्यावरचा बर्फ ढकलून पोट भरणाऱ्या माणसाला अशी बातमी आगाऊ मिळालेली बरी. करीनचा खोकला गेला. सिग्नेचे पुढचे दोन दात गेले. मी बरा आहे की नाही, ते तू हे पत्र वाचून ठरव.

तर झालं असं की जानेवारीत सिग्नेच्या स्काउट पथकातून एक लहानसा खोका घरी आला. आत पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा (साबणाच्या दोन वड्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर होईल एवढा), चार काळी चाकं आणि चार खिळे. एवढ्यातून गाडी करायची आणि फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात लाकडी उतारावरून सगळ्यांबरोबर सोडायची. इंजिन नाही, किल्ली नाही. उतार नेईल तशी जायची. वजन पाच औंसांच्या वर नको. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘काम मुलांनी करावे, मोठ्यांनी मदत करावी.’ मावशी, या एका वाक्यातून आमच्या गावातला प्रत्येक बाप आपापली गाडी बाहेर काढतो. शेजारचा गॉर्डी ब्राटेन, तोच तो ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, दरवर्षी आपल्या मुलाला ‘मदत’ करतो. मुलगा त्या वेळी आत टीव्ही बघत असतो. गॉर्डी गाडीसमोर बायकोचं केस वाळवायचं यंत्र धरतो आणि वारा कुठून कसा जातो ते डोळे बारीक करून बघतो. मी त्याला हसायचो. हसायचो, हे लक्षात ठेव.

मी करवत, कानस, पॉलिशपेपर असं सगळं गॅरेजात मांडून सिग्नेला हाक मारली. ती आली, ठोकळा उचलून नाकाशी नेला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

‘‘बोल, कुठून कापायचं?’’ मी विचारलं.

‘‘नाही कापायचं.’’

‘‘अगं, मग गाडी कशी होणार?’’

‘‘झालीये ती. झोपलीये.’’

आणि ठोकळा घेऊन ती आत गेली. पुढचे दोन आठवडे तो ठोकळा जेवताना तिच्या ताटाशेजारी, शाळेत जाताना दप्तरात आणि अंघोळीच्या वेळी टबाच्या काठावर. करीन म्हणाली, राहू दे, तिची गाडी आहे. मीही म्हटलं, राहू दे. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन चुपचाप दुसरा खोका विकत आणला.

माझं जेवण मी ट्रकमध्येच करतो हे तुला माहीत आहे. दुपारी तळ्याच्या टोकाला जिथे रस्ता संपतो, तिथे मी तो एवढा मोठा नारिंगी ट्रक वळवून उभा करतो. समोर गोठलेलं तळं. त्यावर मासे पकडणाऱ्यांच्या रंगीत टपऱ्या, एखाद्या बाईने वाळत घालून विसरलेल्या मोज्यांसारख्या. तिथे बसून मी सँडविच एका हातात आणि कानस एका हातात अशी ती दुसरी गाडी घासू लागलो. पाइनची भुकटी हळूहळू मांडीवर पडायची, बाहेर बर्फ तसाच हळूहळू पडायचा, आणि काही वेळाने आत काय पडतंय नि बाहेर काय पडतंय यातला फरक मला सांगता आला नसता. मावशी, इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. एका दुपारी तर मी बोनेटचा बाक घासता घासता असा हरवलो की मान वर केली तेव्हा काचेतून तळं दिसेना, टपऱ्या दिसेनात, काहीच दिसेना. बर्फ ढकलायचा ट्रक बर्फात पुरला गेला होता. मला काढायला काउंटीचा दुसरा ट्रक आला. चालवणारा काही बोलला नाही. आपल्याकडची माणसं अशा वेळी काही बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं. तो फक्त माझ्या मांडीवरच्या भुशाकडे बघून ‘‘हं,’’ म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. वजन भरायला गळाच्या शिशाच्या गोळ्या मी करीनच्या अंडी तळायच्या तव्यात वितळवल्या. (तो तवा आता गॅरेजात राहतो. मीही दोन दिवस तिथेच राहावं असा विचार घरात झाला होता.) मग गाडी पोस्टातल्या काट्यावर ठेवली. खिडकीतल्या लुएलाने वजन वाचलं, चार पूर्णांक नऊ, आणि विचारलं, ‘‘कुठे जाणार हे?’’

‘‘उतारावरून खाली,’’ मी म्हटलं.

तिने तिकिटांचा डबा बंद केला.

गाडी मात्र झाली होती! पाण्याच्या थेंबासारखी. निळी. हातात धरली तरी ती सुटून जाईल असं वाटायचं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी सिग्नेनेही आपल्या ठोकळ्याला चाकं लावली. स्वतः हातोडी मारून, एकटीने, दार लावून. तीन चाकं जमिनीला टेकत होती, चौथं हवेत. रंग नाही, काही नाही. वरती फक्त पेन्सिलीने दोन मिटलेले डोळे.

आता वाईट भाग येतो, तो मी एका दमात लिहितो. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात वजनाच्या टेबलापाशी सिग्नेने मला तिची गाडी दिली आणि ती हॉटडिशच्या, म्हणजे चर्चच्या गरम जेवणाच्या, रांगेत गेली. टेबलामागे ऑस्बी सर होते, ज्यांनी मला सातवीत विज्ञान शिकवलं आणि उत्तीर्णही केलं, दोन्ही नाइलाजाने. त्यांनी हात पुढे केला. माझ्या डाव्या खिशात ठोकळा, उजव्या खिशात निळी गाडी. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांच्या गाड्या चकचकीत, टोकदार. मनात आलं, हिला हसतील. हे खरंच मनात आलं, मावशी. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होतं. मी उजवा हात बाहेर काढला आणि तिचं नाव लिहून दिलं.

पहिल्याच फेरीत निळी गाडी पहिली आली. गॉर्डीची दुसरी. लोक ओरडले, मीही ओरडलो. माझ्या पाठीवर कुणी तरी थाप मारली, आणि मी खाली बघितलं तर सिग्ने हातात कागदी ताटली घेऊन उभी होती. उताराच्या शेवटी थांबलेल्या निळ्या गाडीकडे ती बघत होती. चिडलेली नाही, रडवेली नाही. अनोळखी घरात जागं झाल्यावर माणूस बघतो तशी.

‘‘डॅडी, ती कुणाची?’’

मी तिच्या ताटलीकडे बघितलं.

‘‘माझी कुठेय?’’

मी डावा खिसा उलटा केला. तिने ठोकळा घेतला, त्याला चिकटलेला धागा काढला, बाहीने पुसला. मग ताटली माझ्या हातात देऊन सरळ ऑस्बी सरांपाशी गेली आणि तळघरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘ती निळी माझ्या डॅडींची आहे. त्यांनी खूप छान केलीये. त्यांना खेळू द्याल का?’’

मावशी, ती ‘माझ्या बापाने लबाडी केली’ म्हणाली असती तर मी उभा राहू शकलो असतो. पण तिने माझ्यासाठी रदबदली केली. दीडशे माणसं कॉफीच्या कपात बघू लागली. ऑस्बी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘मोठ्यांचा खुला गट मुलांच्या नंतर असतो, लोवेल,’’ ते म्हणाले, ‘‘तोवर रांगेत थांब.’’ सातवीतही ते मला हेच म्हणायचे. मग त्यांनी ती फेरी रद्द केली आणि ठोकळा काट्यावर ठेवला. अख्खा, न तासलेला, शिशाचा एक कणही न घालता तो चार पूर्णांक आठ भरला. (माझ्या सगळ्या खटाटोपाची किंमत औंसाचा एक दशांश.) गॉर्डी वाकून बघत राहिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘एक चाक वर उचललंय. घर्षण कमी होतं. हे तिला कुणी शिकवलं रे? मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही!’’

फेरीच्या आधी सगळी मुलं उताराच्या कडेने उभी राहिली. सिग्ने तिथे नव्हती. ती पार दुसऱ्या टोकाला, जिथे गाड्या येऊन थांबतात तिथे फरशीवर आडवी झाली होती, गाल टेकवून.

‘‘अगं, काय करतेस?’’

‘‘तुम्ही पण झोपा. बाजूने बघायचं नसतं.’’

एक्केचाळीस वर्षांचा माणूस, दोन घडी आधी सगळ्या गावासमोर उघडा पडलेला. मला आता आणखी काय गमावायचं होतं? मी तिच्या शेजारी आडवा झालो. फरशी गार होती, तिला मेणाचा आणि सांडलेल्या कॉफीचा वास होता. तिथून उतार उतारासारखा दिसेचना. दूरवर एक टेकडी, तिच्या माथ्यावर दिव्यांचा धुरकट उजेड, आणि त्या उजेडात चार ठिपके. गाड्या अडवून धरणारी दांडी पडली. ठिपके आधी हललेच नाहीत, नुसते मोठे होत गेले. हिवाळ्यात भल्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर समोरून कुणाचे तरी दिवे येतात ना, ते येताना वेग दिसत नाही, फक्त कुणीतरी येतंय एवढंच कळतं, आणि उगाच बरं वाटतं, तसं. एक ठिपका बाकीच्यांहून चौकोनी होता. त्याला मिटलेले डोळे होते. सिग्नेने माझं बोट धरलं. सगळं तळघर कुठेतरी वर, फार लांब गेलं होतं.

‘‘बघा, येतेय,’’ ती म्हणाली.

ती तिसरी आली. पुढच्या फेरीत दुसरी, त्याच्या पुढच्यात शेवटची. सिग्ने प्रत्येक वेळी तिथेच आडवी होती, आणि तिसऱ्या फेरीला तिच्यासोबत अकरा मुलं आणि गॉर्डी आडवे होते. खुल्या गटात माझ्या निळ्या गाडीचं एक चाक मध्यावर निसटलं. गाडी थांबली. चाक दुसरं आलं.

असो. करीनच्या वतीने आणि माझ्या वतीने तुझ्या गालाला गाल. गुडघा जप, पायऱ्यांवर मीठ टाकत जा.

तुझा भाचा,
लोवेल

ता.क. करीनने पत्र वाचलं. म्हणाली, ‘‘एवढी पानं लिहिलीस, आणि ज्यासाठी लिहायला बसलास ते कुठाय?’’ मी म्हटलं, पुढच्या पत्रात लिहीन. ती म्हणाली, तव्याचं विसरले नाहीये मी.

ता.क. २. तर मावशी, ईस्टरच्या सुट्टीत मी आणि सिग्ने चार दिवस तुझ्याकडे येऊ का? आणि हार्लनकाकांचं वर्कशॉप उघडशील का? काका गेल्यापासून दोन वर्षं तू त्याला कुलूप लावून ठेवलं आहेस, मला ठाऊक आहे, आणि नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण त्या ट्रकमध्ये कानस हातात घेतली की दर वेळी माझे कान टवकारायचे. ‘‘कोपर वर, पोरा,’’ असं ते मागून म्हणतील म्हणून. मी कोपर खालीच ठेवायचो. मुद्दाम.

ता.क. ३. तिथे जमिनीवर त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या ढलप्या तू अजून तशाच ठेवल्या आहेस, असं करीनकडून कळलं. काळजी करू नकोस. आम्ही दारातच बूट काढू.