काळ्या दाण्यांचं गवत

१२ जानेवारी १९७५, शमें ग्रेनिए

आज सासरी आले. माहेराहून, रोझ बेलहून येताना रस्ताभर नुसता ऊस, आणि इथे घरामागे एकदम मोकळं हिरवंगार कुरण! सासऱ्यांनी, बाबूरावांनी, परदेशी बी मिळवून ते लावलंय. वारा आला की अख्खा उतार हलतो. सासूबाई अनुसया फार मायाळू. दारातच गरम दूध दिलं आणि गायींची ओळख पाहुण्यांसारखी करून दिली. तांबडीच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही म्हणे. माझे यजमान कृष्णदेव माझं मराठी ऐकून हसतात. यांच्या बोलण्यात निम्मं क्रेओल, या बेटावरची बोली. देवळातल्या वर्गात शिकलेलं विसरायला नको, म्हणून रोज थोडं लिहायचं ठरवलंय.

२८ जानेवारी

कुरणाला लोंब्या आल्यात. त्यांत मधूनमधून काळे, वाकडे दाणे, उंदराच्या लेंड्यांसारखे. सासरे म्हणाले, जास्त पिकले असतील.

तांबडी आटली. धार काढायला बसले तेव्हा तिचा कान माझ्या गालाला लागला. भर उन्हात थंडगार.

९ फेब्रुवारी

मोठं वादळ, सिक्लोन, होऊन गेलं. छपराचे पत्रे उडाले, ऊस झोपला, रस्ता बंद. दुकानात पीठ नाही, घरातला तांदूळ भिजून आंबला. कुरण मात्र आडवं होऊन पुन्हा उभं राहिलंय. सासूबाईंनी लोंब्या झोडपून दाणे काढले, भाजले, जात्यावर दळले. भाकरी काळपट झाली, जराशी कडू. पण पोटं भरली. किती दिवसांनी सगळे हसत जेवलो.

१७ फेब्रुवारी

तांबडी लंगडते. खुराच्या वर रेघ पडलीय, दोरा आवळून बांधावा तशी. रेघेखाली हात लावला तर पाय दगडासारखा. गायींना तेच गवत, आम्हाला तीच भाकरी; दुसरं काही मिळतच नाही. यजमानांच्या पायांना मुंग्या येतात. चिखलात काम करून असेल.

२४ फेब्रुवारी

तांबडीच्या शेपटीचा गोंडा माझ्या हातात आला. रक्त नाही. मग तिनं पाऊल उचललं आणि खूर चिखलातच राहिला.

रस्ता खुला झालाय. सासरे सूयाकहून गुरांचे डॉक्टर इंद्रदेव यांना घेऊन आले. त्यांनी लोंबी तळहातावर चुरली. म्हणाले, हा काळा दाणा नव्हेच, बुरशी आहे. तिच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, कानाला, शेपटीला, पायाला रक्त पोचत नाही, मांस जिवंतपणी वाळतं. मग विचारलं,

"कुणा माणसानं तर खाल्लं नाही ना हे?"

सासूबाई नाही म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी खाल्लंय. रोज."

डॉक्टर ओट्यावर बसलेच. यांना बूट काढायला सांगितले. अंगठा काळा ठिक्कर. मी घाबरेन म्हणून यांनी लपवलं होतं.

डॉक्टर यांना जीपमध्ये घालून इस्पितळात घेऊन गेले. सासरे सोबत गेले. आम्ही दोघी हिंडत्याफिरत्या, म्हणून आमच्यासाठी उद्या गाडी येणार.

२५ फेब्रुवारी

गाडी नाही. निरोप आला — यांचा पाय कापणार. बहुतेक दोन्ही.

सासूबाईंना उभं राहवत नाही. सारखं एकच, मी दळलं, मी वाढलं. मी त्यांचे तळवे चोळते. माझ्याच हातांना कळत नाही, चोळतेय की नाही —

गायी ओरडतात. काय घालू त्यांना? ते गवत — नाही —

२६ फेब्रुवारी

सकाळ. शेजारी गाडी शोधायला गेलेत. चुलीपाशी बसलेय. पाय गार, गुडघ्यापर्यंत गार. आणखी लाकडं सारली, पाय पुढे केले. ऊब लागत नाही. आणखी पुढे —

पेन निसटतं. दोन्ही हातांत धरून —

सासूबाई आतून विचारतात, काय करपतंय. चुलीवर काही नाही ठेवलेलं. त्या पुन्हा विचारतात. मलाही वास — मांसाचा —

खाली बघ—